फोनचा हॉटस्पॉट: लावायचा कसा आणि अडला तर बघायचं कुठे

हॉटस्पॉट चालेना की बहुतेक जण आधी पासवर्ड पुन्हा टाकतात, मग लॅपटॉप रीस्टार्ट करतात, मग फोन. त्यात अर्धा तास जातो आणि दोष भलतीकडेच निघतो. हॉटस्पॉटला दोन दुवे असतात. टॉवरपासून फोनपर्यंतचा एक, तो सिम, डेटा पॅक आणि रेंजवर चालतो. फोनपासून लॅपटॉपपर्यंतचा दुसरा, तो निव्वळ वाय-फायवर चालतो. कुठला दुवा तुटलाय हे आधी ठरवलं की निम्मं काम झालंच.

ठरवायचं असं: फोनचं स्वतःचं वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटा चालू ठेवा आणि फोनच्याच ब्राउझरमध्ये आधी कधी न उघडलेलं एखादं पान उघडा. रोजचं पान नको, ते फोनमध्ये साठवलेलंही दिसू शकतं. पान झटकन उघडलं तर टॉवरकडचा दुवा शाबूत आहे. उघडलं नाही तर लॅपटॉपला हात लावू नका, तिथे दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही.

पहिल्यांदा लावताना

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'हॉटस्पॉट अँड टेदरिंग'. सॅमसंगवर हेच 'कनेक्शन्स'मध्ये 'मोबाइल हॉटस्पॉट अँड टेदरिंग' या नावाने सापडतं, रेडमीवर 'पोर्टेबल हॉटस्पॉट' म्हणून. जागा सापडेना तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'हॉटस्पॉट' टाका. बटण करडं दिसत असेल, दाबलं जात नसेल, तर 'डेटा सेव्हर' चालू आहे का ते बघा. अँड्रॉइडवर डेटा सेव्हर चालू असताना हॉटस्पॉट लागत नाही.

आयफोनवर सेटिंग्जमध्ये 'पर्सनल हॉटस्पॉट' आणि तिथे 'अलाउ अदर्स टू जॉइन'. फोनचं वाय-फायही चालू असू द्या. लॅपटॉप जोडला जाईपर्यंत ते पान उघडंच ठेवा. पान बंद करून फोन लॉक केला की थोड्या वेळात आयफोनचं नाव इतरांच्या यादीतून जातं. 'पर्सनल हॉटस्पॉट' हा पर्यायच दिसत नसेल तर बहुधा एपीएन, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारं नाव, कोरा आहे. मोबाइल डेटाच्या सेटिंगमध्ये 'मोबाइल डेटा नेटवर्क' उघडा, खाली 'पर्सनल हॉटस्पॉट'खालच्या एपीएनच्या रकान्यात कंपनीचा एपीएन इंग्रजी छोट्या अक्षरांत भरा. जिओचा 'जिओनेट', एअरटेलचा 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम', बीएसएनएलचा 'बीएसएनएलनेट'. मग फोन बंद करून चालू करा.

विंडोज लॅपटॉपवरूनही हॉटस्पॉट देता येतो. घरात वायरचं ब्रॉडबँड आहे पण राउटर बिघडलाय, अशा दिवशी हा मार्ग फार कामाचा. सेटिंग्ज, 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'मोबाइल हॉटस्पॉट'. इंटरनेट कुठून घ्यायचं तिथे 'इथरनेट' निवडा, वाटायचं कशावरून तिथे 'वाय-फाय'. जास्तीत जास्त ८ उपकरणं जोडता येतात. तो आपोआप बंद पडत असेल तर त्याच पानावरचं 'पॉवर सेव्हिंग' बंद करा.

नाव आणि पासवर्ड

इथे घाई करू नका, पुढचे निम्मे त्रास इथेच वाचतात. वाय-फायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षराला ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वारही वेगळे मोजले जातात. 'पाटील यांचे घर' हे नाव डोळ्यांना छोटं दिसतं, पण मोजलं तर ३८ बाइट होतात. फोन ते घेत नाही किंवा मध्येच तोडतो. 'माजघर' १५ बाइटांत सहज बसतं. तरीही जुना प्रिंटर किंवा टीव्ही जोडायचा असेल तर नाव इंग्रजी अक्षरांतच ठेवा, कारण अशा उपकरणांच्या पडद्यावर देवनागरी नावाजागी निरर्थक चिन्हं दिसतात. आयफोनवर हॉटस्पॉटचं नाव म्हणजे फोनचंच नाव. ते 'जनरल', 'अबाउट', 'नेम' इथे बदलतं. त्यात इंग्रजी अपॉस्ट्रॉफी असेल तर काढून टाका. काही जुन्या लॅपटॉपना ते चिन्ह झेपत नाही.

पासवर्ड कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा, इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून. शून्य आणि इंग्रजी 'ओ', एक आणि छोटा 'एल' हे टाळा, टीव्हीच्या रिमोटने टाकताना तिथेच चूक होते. घरी येणाऱ्यांना पासवर्ड सांगत बसण्यापेक्षा हॉटस्पॉटच्या पानावर क्यूआर कोडची सोय असेल तर तो दाखवा. नवा फोन घेतला की जुन्याच फोनचं नाव आणि पासवर्ड जसाच्या तसा त्यात टाका, सगळी उपकरणं आपोआप जोडली जातात. पासवर्डशिवाय हॉटस्पॉट उघडा ठेवू नका. त्यावरून कुणी काहीही केलं तरी कंपनीच्या नोंदीत सिम तुमच्या नावावर दिसतं.

सुरक्षेचा प्रकार विचारला तर 'डब्ल्यूपीए२' सगळीकडे चालतो. 'डब्ल्यूपीए३' जास्त भक्कम आहे, पण जुनी उपकरणं तिथे 'पासवर्ड चुकीचा' म्हणतात किंवा नुसतीच फिरत राहतात. पासवर्ड बरोबर असूनही एकच उपकरण नाकारत असेल तर पहिला संशय यावर घ्या.

नाव यादीतच दिसत नाही

फोन शेजारी आहे, हॉटस्पॉट चालू आहे, बाकी सगळ्यांची नावं दिसतात आणि आपलंच नाही. याचं कारण जवळजवळ नेहमी बँड, म्हणजे वाय-फायच्या लहरींचा पट्टा, असतं. हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर चालू असेल आणि समोरचं उपकरण फक्त २.४ ओळखत असेल तर त्याला तो दिसणारच नाही. जुने लॅपटॉप, बहुतेक स्वस्त प्रिंटर, स्मार्ट बल्ब आणि घरगुती वाय-फाय कॅमेरे यांतले पुष्कळ फक्त २.४चे असतात. अँड्रॉइडवर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'बँड' शोधून २.४ करा, काही फोनवर तिथे 'एक्स्टेंड कम्पॅटिबिलिटी' असं बटण असतं. आयफोन १२ आणि पुढच्या मॉडेलवर 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू करा. एकाच खोलीत आधुनिक लॅपटॉप असेल तर मात्र ५ ठेवा, वेग जास्त मिळतो. शहरातल्या इमारतीत २.४वर शेजारच्यांची गर्दी असते, शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात काम करतो. जेवण गरम करताना व्हिडिओ कॉल अडखळतो तो याचमुळे.

फोन ठेवायचा कुठे

लॅपटॉपच्या शेजारी नव्हे. फोन ठेवायचा तो जिथे टॉवरची रेंज चांगली तिथे. फोनपासून लॅपटॉपपर्यंतचं वाय-फाय एका घरात, एखाद-दुसऱ्या भिंतीपलीकडेही सहसा पुरतं. टॉवर मात्र दोन-तीन किलोमीटरवर असू शकतो. कोकणातल्या जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरात हे लगेच जाणवतं. माजघरात फोन ठेवला तर एक कांडी, पडवीच्या खिडकीत ठेवला तर तीन, आणि लॅपटॉप माजघरातच राहिला तरी काम चालतं. पत्र्याच्या छपराखाली वरून येणारी लहर पत्राच परतवतो, म्हणून तिथेही फोन खिडकीत किंवा दारात. लोखंडी कपाटाआड कधीच नको.

कांड्यांवर फार विसंबू नका, आकडा बघा. अँड्रॉइडवर 'अबाउट फोन' किंवा त्यातल्या 'स्टेटस'मध्ये 'सिम स्टेटस' उघडलं की 'सिग्नल स्ट्रेंथ' उणे डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) दिसते. फोरजीसाठी उणे ९०च्या आसपास चांगली, उणे १००ला काम भागतं, उणे ११०च्या पलीकडे हॉटस्पॉट नावालाच. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज बरी, आणि १०चा फरक म्हणजे ताकदीत १० पट फरक. फोन हातात धरून घरात चार ठिकाणी अर्धा-अर्धा मिनिट थांबा आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, पुढे वर्षभर उपयोगी पडतं.

'कनेक्टेड' आहे, पण इंटरनेट नाही

आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे संपलेला रोजचा कोटा. दीड किंवा दोन जीबीच्या पॅकमध्ये कोटा संपल्यावर इंटरनेट तुटत नाही, वेग सहसा ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे एक एमबी उतरायला दोन मिनिटांहून जास्त. दोन एमबीचं हॉल तिकीट चार मिनिटं घेईल, आणि संकेतस्थळ त्याआधीच कंटाळून 'टाइम आउट' दाखवेल. कंपनीच्या ॲपमध्ये उरलेला डेटा आधी बघा. रोजचा कोटा रात्री १२ वाजता नव्याने मिळतो. तोवर थांबता येत नसेल तर डेटाचं छोटं व्हाउचर टाका.

कोटा एवढ्या लवकर जातो कसा? लॅपटॉपला वाटतं आपण घरच्या ब्रॉडबँडवर आहोत. विंडोजचे अपडेट, फोटोंचा बॅकअप, वनड्राइव्ह सगळं एकदम सुरू होतं. २० एमबीपीएसच्या वेगाने दीड जीबी १० मिनिटांत संपतो. म्हणून जोडल्या जोडल्या विंडोजवर त्या वाय-फायच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. ते नाव लक्षात ठेवलं जातं, पुन्हा करावं लागत नाही. दुसरा आयफोन जोडत असाल तर त्यावर त्या वाय-फायपुरता 'लो डेटा मोड'. ऑनलाइन फॉर्मच्या शेवटच्या दिवशी ही एक खूण विसरू नका.

कोटा आहे, फोनवर पान उघडतंय, तरी लॅपटॉपवर काही नाही? मग लॅपटॉपचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कने त्याला दिलेला क्रमांक, बघा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल तर फोनने त्याला पत्ता दिलेलाच नाही. हॉटस्पॉट बंद करा, लॅपटॉपवर ते नाव 'फरगेट' करा, हॉटस्पॉट चालू करून नव्याने जोडा. आयफोनकडून १७२.२०.१० असा सुरू होणारा पत्ता मिळाला तर जोडणी बरोबर आहे आणि दोष पुढे आहे. मग फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडचे व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी ॲप) बंद करून बघा. बहुतेक अँड्रॉइड फोनवरचा व्हीपीएन हॉटस्पॉटवरच्यांना लागू होत नाही, काही ॲप तर त्यांची वाटच अडवतात. अँड्रॉइडच्या एपीएनमध्ये 'प्रोटोकॉल' आयपीव्ही४/आयपीव्ही६ असा दोन्ही असू द्या. आणि एक साधी गोष्ट: बरेच दिवस बंद पडून असलेल्या लॅपटॉपची तारीख चुकलेली असते. तारीख चुकीची असली की जवळपास सगळी संकेतस्थळं 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतात, आणि दोष मात्र हॉटस्पॉटच्या माथी जातो.

फोन आला की नेट तुटतं तेव्हा बहुधा 'व्होल्टे', म्हणजे फोरजीवरूनच कॉल करायची सोय, बंद असतं. ते चालू करा, नाहीतर कॉल घेताना फोन फोरजी सोडून खालच्या नेटवर्कवर जातो. दोन सिम असतील आणि कॉल दुसऱ्या सिमवर आला तर पुष्कळ फोन पहिल्या सिमचा डेटा तेवढ्यापुरता थांबवतात. 'डेटा ड्युरिंग कॉल्स'सारखा पर्याय असेल तर लावा. ऑनलाइन मुलाखत असेल तर दुसरं सिम तासाभरासाठी बंदच ठेवा.

केबल, बॅटरी आणि बल्ब

लॅपटॉप एकच असेल तर यूएसबी टेदरिंग, म्हणजे केबलवरून इंटरनेट देणंच बरं. केबल लावा, अँड्रॉइडवर 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, बँड-पासवर्डचे सगळे प्रश्न संपले. पर्याय करडा दिसला तर बहुधा केबल फक्त चार्जिंगची आहे, आत डेटाच्या तारा नाहीत, ती बदला. आयफोनसाठी विंडोजवर ॲपलचं 'ॲपल डिव्हायसेस' किंवा 'आयट्यून्स' आधी टाकावं लागतं आणि फोनवर 'ट्रस्ट' दाबावं लागतं. फोन तापला की तो वेग कमी करतो किंवा हॉटस्पॉट बंद करतो, म्हणून कव्हर काढा, उन्हात आणि उशीखाली ठेवू नका. पंख्याखाली ठेवला तरी पुरतं. काही मिनिटं कुणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद होतो. ते नको असेल तर सेटिंगमधलं 'टर्न ऑफ ऑटोमॅटिकली' काढा.

स्मार्ट बल्ब किंवा कॅमेरा जोडताना अनेकांची गाडी इथे अडते: त्यांचं ॲप ज्या फोनवर आहे तो फोन त्याच वाय-फायवर जोडलेला असावा लागतो, आणि हॉटस्पॉट देणारा फोन स्वतःला जोडू शकत नाही. एका फोनवरून हॉटस्पॉट द्या, ॲप दुसऱ्या फोनवर चालवा. प्रिंटरचं मात्र सोपं आहे. लॅपटॉप आणि प्रिंटर दोन्ही एकाच हॉटस्पॉटवर आणा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर मोबाइल डेटा बंद असला तरी छपाई होते.

एवढं सगळं करून काहीच लागू पडलं नाही तर 'रीसेट नेटवर्क सेटिंग्ज'. त्याने साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड आणि ब्लूटूथ जोड्या पुसल्या जातात, हाताने भरलेला एपीएनही जातो. आधी एपीएनच्या पानाचा फोटो दुसऱ्या फोनवर काढून ठेवा, घरच्या राउटरचा पासवर्ड कागदावर लिहा, मगच बटण दाबा.