प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी गळत असेल तर काय करावे

मूत्राशयात घातलेली नळी साधारण एक ते दोन आठवड्यांनी काढली जाते, आणि त्याच दिवशी खुर्चीतून उठताना किंवा खोकताना कपडे ओले झाल्याचे पाहून अनेक पुरुष हबकून जातात. शस्त्रक्रिया फसली असावी, अशी शंका तेव्हा मनात येते. पण बहुतेक वेळा ती खरी नसते. लघवी रोखून धरणारी स्नायूंची दोन कडी असतात. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले कडे आपण न सांगताही बंद राहते; प्रोस्टेटच्या खालचे दुसरे कडे आपण ठरवून आवळू शकतो. कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढताना पहिल्या कड्याचे काम बऱ्याच अंशी जाते, आणि आजवर केवळ मदतनीस असलेल्या दुसऱ्या कड्यावर एकाएकी सगळा भार पडतो. हा भार पेलण्याची ताकद त्याच्यात हळूहळू येते. बहुतेकांना पहिल्या तीन महिन्यांत फरक जाणवू लागतो, आणि सुधारणा वर्षभर, काहींच्या बाबतीत त्यानंतरही, चालू राहते.

वाढलेली ग्रंथी दुर्बिणीने आतून तासून काढली असेल, तर प्रकार थोडा वेगळा असतो. तिथे मूत्राशय काही काळ चिडखोर झालेले असते, लघवीची घाई होते आणि शौचालय गाठेपर्यंत काही थेंब सुटतात. हे सहसा काही आठवड्यांत निवळते.

मुख्य उपाय म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम, ज्याला डॉक्टर केगल व्यायाम म्हणतात. नळी आत असेपर्यंत तो करू नये, आणि ती निघाल्यावर डॉक्टरांना विचारून सुरू करावा. यात खरी अडचण मेहनतीची नसून योग्य स्नायू ओळखण्याची आहे. चारचौघांत वायू रोखताना आपण जे आत ओढतो, ते ओढून पाहावे, आणि त्याच वेळी शिश्नाचे मूळ आत खेचल्यासारखे करावे. आरशासमोर उभे राहिल्यास शिश्न किंचित आत जाते आणि अंडकोष थोडे वर उचलले जातात. ही हालचाल दिसली, तर स्नायू बरोबर सापडला. पोट ताठ होत असेल, नितंब किंवा मांड्या आवळल्या जात असतील, किंवा श्वास रोखला जात असेल, तर चुकीच्या जागी जोर लागतो आहे. लघवीची धार मध्येच थांबवून पाहणे ओळखीपुरते एखाद्या वेळी चालेल, पण तो रोजचा व्यायाम करू नये, कारण त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची सवय लागू शकते.

स्नायू सापडल्यावर तो आवळून जमेल तितके सेकंद धरावा, तेवढाच वेळ सैल सोडावा, आणि असे दहा वेळा करावे. सुरुवातीला तीन-चार सेकंदच जमतात. काही आठवड्यांत दहा सेकंदांपर्यंत जावे. त्यानंतर दहा वेळा झटपट आवळून सोडावे. दिवसातून तीनदा, आधी पडून, मग बसून आणि शेवटी उभे राहून हा क्रम करावा. उत्साहाच्या भरात शंभर-शंभर वेळा करणाऱ्यांचा स्नायू दुपारपर्यंत थकतो आणि संध्याकाळी गळती वाढते. तसेही दिवसअखेर गळती जास्त असणे स्वाभाविक आहे. रात्री आडवे असताना मात्र बरेच जण आधी कोरडे राहू लागतात.

माझ्या मते याहूनही उपयोगी ठरते ती वेळ साधण्याची युक्ती. खोकण्याच्या, शिंकण्याच्या, उठण्याच्या किंवा वजन उचलण्याच्या क्षणभर आधी स्नायू आवळावा आणि ते काम होईपर्यंत धरून ठेवावा. बळकट स्नायूही वेळेवर आवळला नाही, तर लघवी निसटतेच.

लघवी करून झाल्यावर पँट वर घेताच काही थेंब ओघळत असतील, तर त्याचे कारण वेगळे आहे: ते मूत्रमार्गाच्या वळणात साचलेले असतात. अंडकोषांच्या मागे बोटे ठेवून हलक्या दाबाने पुढच्या बाजूला सरकवली, की ते बाहेर पडतात.

पाणी कमी पिणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. लघवी घट्ट झाली की ती मूत्राशयाला टोचते, घाई वाढते आणि बद्धकोष्ठताही होते. शौचाला जोर लावणे या स्नायूंसाठी वाईटच. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रवपदार्थ घ्यावेत (हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल तर तीच पाळावी) आणि संध्याकाळनंतर बेताने प्यावे. चहा, कॉफी, मद्य आणि फसफसणारी पेये कमी करून आठवडाभरात काय फरक पडतो ते पाहावे. धूम्रपानाचा खोकला आणि पोटाचा घेर, दोन्ही गळती वाढवतात.

पॅड वापरण्यात कमीपणा नाही. पुरुषांसाठीचे, पुढच्या बाजूला जास्त शोषणारे पॅड निवडावेत, ओले झाल्यावर लगेच बदलावेत, त्वचा घासून न पुसता टिपून कोरडी करावी आणि झिंक ऑक्साइडचे मलम लावावे. सुधारणा मोजायची तर पॅडची संख्या फसवी असते, कारण कोणी थोडा ओला झाला तरी बदलतो, तर कोणी तो पूर्ण भरू देतो. त्याऐवजी महिन्यातून एकदा चोवीस तासांचे वापरलेले पॅड वजनकाट्यावर ठेवून कोऱ्या पॅडांचे वजन वजा करावे. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर लघवी.

लघवी अजिबात होत नसेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे. ताप, लघवीत रक्ताच्या गाठी, अंडकोषात दुखणे, किंवा धार बारीक होत जाऊन गळती वाढणे यांतही डॉक्टरांना लगेच दाखवावे. शेवटच्या लक्षणामागे मूत्राशयाचे तोंड आकसलेले असू शकते आणि तिथे व्यायामाचा उपयोग नसतो.

सहा महिने ते वर्षभर नीट व्यायाम करूनही रोज कपडे भिजत असतील, तर मूत्ररोगतज्ज्ञांशी पुढच्या शस्त्रक्रियेबद्दल बोलावे. सौम्य गळतीसाठी मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी बसवतात. जास्त गळतीसाठी कृत्रिम कडे असते, ज्यात मूत्रमार्गाभोवतीचा द्रवभरला पट्टा अंडकोषाच्या पिशवीतील छोटा पंप दाबून उघडायचा असतो आणि तो काही मिनिटांत आपोआप बंद होतो. असे कडे बसवलेल्यांनी तशी नोंद असलेले कार्ड कायम खिशात ठेवावे आणि घरच्यांनाही सांगून ठेवावे, कारण कडे निष्क्रिय न करता कोणी मूत्रमार्गातून नळी घातली, तर मूत्रमार्गाला इजा होऊ शकते.