चिलखती वाफगाडीच्या वाकणाऱ्या भिंती: माझा अनुभव

क्रिमियन युद्धाच्या काळात, १८५५ मध्ये, जेम्स कोवेन यांनी मांडलेल्या वाफेवरील चिलखती गाडीच्या कल्पनेवरून, २८ मिलिमीटर मापाच्या छोट्या खेळातल्या सैनिकांना शोभेल अशी युद्धगाडीची प्रतिकृती मी पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकच्या पत्र्यांतून बनवत होतो. १ मिलिमीटरचे दोन पत्रे चिकटवून केलेल्या तिच्या भिंती मात्र तीन-चार दिवसांनी हमखास वाकत. वजनाखाली दाबणे, कोमट पाण्यात सरळ करणे, जाड पत्रा घेणे, यांपैकी काहीही टिकले नाही. तीन सांगाडे वाया गेल्यावर मी अगदी हताश झालो.

मूळ दोष द्रवरूप सिमेंटचा, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या पातळ गोंदाचा होता: त्यातील द्रावक दोन थरांमध्ये कोंडून राहतो आणि प्लॅस्टिकला आतून मऊ करतो.

म्हणून आतील पत्र्यावर, तो चिकटवण्यापूर्वीच, साधारण १५ मिलिमीटर अंतराने २ मिलिमीटरची छिद्रे पाडावीत. नंतर दोन्ही पत्रे कोरडेच जुळवून, बारीक ब्रशने सिमेंट फक्त कडांना आणि छिद्रांतून थोडेथोडे सोडावे. बाहेरची बाजू काचेवर टेकवून आतून पट्ट्यांनी दाबावे, पण छिद्रे उघडीच राहू द्यावीत (ती झाकली जाणे हीच माझी पहिली चूक होती). दोन दिवसांनी आत आडवे आधार बसवावेत, तळाला एक भोक कायम ठेवावे आणि रिव्हेटांचे ठिपके सर्वांत शेवटी लावावेत. या पद्धतीने केलेली भिंत सहा महिन्यांनंतरही सरळ आहे.