शिवसागराच्या पैलतीरी दोन दिवस पाहुणे म्हणून जाताना

सातारकरांच्या ओळखीत जावळी किंवा महाबळेश्वर तालुक्यातले एखादे तरी कुटुंब असतेच, आणि मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी परतले की त्या घरातून शनिवार-रविवारी येण्याचे आमंत्रण हमखास येते. गाव बामणोलीच्या पलीकडे, कोयनेच्या जलाशयापार असेल, तर आपली मोटार अलीकडच्या काठावर थांबते आणि पुढचा प्रवास लाँचने व पायी होतो. काही गावांना आता रस्ते पोहोचले आहेत आणि तापोळ्याच्या बाजूला वाहने नेणारा तराफाही आहे. तथापि ज्या वाड्यांना अजून पाण्यावरूनच जाणे सोयीचे आहे, तिथे जाणाऱ्यांसाठी ही माहिती आहे.

तारीख ठरवण्यापूर्वी पाण्याची चौकशी करावी. शिवसागर हा कोयना धरणाचा फुगवटा आहे. धरणाची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) असली, तरी पावसाळ्याअखेरीस साठलेले पाणी वर्षभर उपसले जाते. कृष्णा पाणीवाटप लवादाने ठरवून दिलेल्या ६७.५ टीएमसीच्या मर्यादेत ते बोगद्यांतून पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी जाते, आणि उन्हाळ्यात पूर्वेकडे नदीपात्रात सोडले जाऊन कराडजवळ कृष्णेला मिळते व पुढे टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांना पुरवले जाते. सांगली जिल्ह्यातून येणाऱ्या पाहुण्याने हे ध्यानात घेतलेले बरे: एप्रिल-मेमध्ये तासगावच्या द्राक्षबागेला जे आवर्तन मिळते, त्याचाच परिणाम म्हणून बामणोलीचा काठ खाली खाली सरकत असतो. दिवाळीत लाँच जिथे लागते ती जागा मे महिन्यात उघडी, भेगाळलेली पडलेली असते, आणि पाण्यापर्यंत पोहोचायला बराच उतार चालावा लागतो. पलीकडे उतरल्यावर तितकाच चढ असतो. म्हणून यजमानांना तीन गोष्टी आधी विचाराव्यात: सध्या लाँच कुठे लागते, उतरल्यावर घरापर्यंत किती चढ आहे, आणि परतीची शेवटची फेरी कधी असते. बरोबर वृद्ध माणूस असेल तर दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर सगळा बेत अवलंबून ठेवावा. गुडघे दुखणाऱ्या आजींना मे महिन्याऐवजी दिवाळीनंतर, पाणी घराजवळ आलेले असताना नेणे केव्हाही शहाणपणाचे.

सामान वजनावर ठरवावे, कारण ते चढावर कोणीतरी खांद्यावर नेणार असते आणि पाहुणा नको म्हणत असतानाही ते ओझे बहुधा यजमानांचा मुलगाच उचलतो. चाकाच्या बॅगा गाळात निरुपयोगी ठरतात. पाठीवरची एक पिशवी माणशी पुरेशी आहे. पायांत पट्ट्यांच्या सँडल किंवा पकड असलेले बूट असावेत, कारण ओसरलेल्या काठावरची लाल माती कोरडी असताना धूळ होते आणि ओली असताना पाय ठरू देत नाही. विजेरी, नेहमीची औषधे, ओआरएसची पाकिटे आणि सुटे पैसे न विसरता घ्यावेत. मोबाइलचे नेटवर्क अनेक वाड्यांत एखाद्या ठरावीक उंचवट्यावरच मिळते, तेव्हा कार्यालयाला आणि घरच्यांना जे सांगायचे ते आधीच सांगून निघावे.

काय भेट न्यावी, याचा विचार शहरी पाहुणे चुकीच्या टोकाने करतात. कंदी पेढे अवश्य न्यावेत, परंतु ज्या घरात मीठ-साखरसुद्धा लाँचने येते तिथे खरी भेट म्हणजे यजमानांची एक फेरी वाचवणारी वस्तू. साताऱ्याच्या मंडईतून टिकणारी भाजी, लिंबे, आले, कोथिंबीर, चांगला चहा, विजेरीचे सेल, घरातल्या वृद्धांची महिनाभराची औषधे. यांतले काय हवे ते फोनवर सरळ विचारावे. ‘काही नको, तुम्ही या फक्त’ हे उत्तर पहिल्यांदा येणारच, म्हणून दुसऱ्यांदा घरातल्या बाईमाणसाला विचारावे. आंबे, फणस, करवंदे, जांभळे यांतले काहीही नेऊ नये. ते तिकडे आपल्यासाठी राखून ठेवलेले असते.

साताऱ्याहून पहाटे निघावे. यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत सुमारे २५ किलोमीटर होतात आणि तिथून रस्ता बामणोलीकडे उतरतो. कासच्या पठारावर मे महिन्यात फुले नसतात, ती ऑगस्टनंतरची, तेव्हा तिथे फार वेळ काढण्याचे कारण नाही. पेट्रोल साताऱ्यातच भरून घ्यावे. एसटीने जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी बसस्थानकावर वेळ विचारून ठेवावी. पहाटेचा आग्रह उन्हासाठी आहे त्याहून अधिक वाऱ्यासाठी आहे. मे महिन्यात दुपारनंतर ढग जमून वळीव येतो, विजा चमकतात, उघड्या जलाशयावर वारा सुटून लाटा उठतात, आणि तेव्हा अनुभवी लाँचवालाही थांबा म्हणतो. तो थांबा म्हणाला तर थांबावे. त्याच्याशी घासाघीस करू नये. जीवरक्षक जाकीट दिले जाईल ते सर्वांनी, पोहता येणाऱ्यांनीही, घालून बसावे. फेरीच्या लाँचऐवजी पूर्ण लाँच ठरवायची असेल, तर भाडे आणि परतीची वेळ चढण्यापूर्वीच बोलून घ्यावी.

पोहण्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पाणी शांत दिसते आणि मुलांना काठ समुद्रकिनाऱ्यासारखा वाटतो. हा किनारा वाळूचा नाही. ती बुडालेल्या दरीची उतरण आहे. दोन पावलांवर कमरेइतके पाणी असते आणि पुढच्या पावलाला तळ लागत नाही. तळाशी गाळ, जुन्या झाडांचे बुंधे आणि धरणात गेलेल्या घरांचे चौथरे आहेत. पाणी फार ओसरले की यांतले काही चौथरे आणि देवळांचे दगड उघडे पडतात. ज्यांचे वाडवडील तिथे राहत होते त्यांच्यासमवेतच ते पाहायला जावे, आणि त्यावर उभे राहून छायाचित्रे काढण्याआधी विचारावे. कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेला माणूसही इथे नवखाच असतो. गावातली माणसे जिथे उतरतात तिथेच, त्यांच्यातले कोणी सोबत असताना आणि दिवसाउजेडी पाण्यात उतरावे.

मुक्कामात यजमानांच्या दिवसाप्रमाणे वागावे. सकाळी आणि उतरत्या उन्हात फिरावे, दुपारी ओसरीवर पडावे. जेवणात तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, गोड्या पाण्यातले मासे, फणसाची भाजी असे जे येईल ते घ्यावे. वेगळ्या फर्माईशी टाळाव्यात. पाणी डोक्यावरून आणले जात असेल तर अंघोळ एका बादलीत उरकावी. पश्चिमेकडचे रान १९८५ मध्ये घोषित झालेल्या कोयना अभयारण्याचे आहे आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडते. गवे आणि अस्वले तिथे खरोखर आहेत, म्हणून अंधार पडल्यावर वाडीबाहेर जाऊ नये आणि करवंदांच्या जाळीत वाकण्यापूर्वी आवाज करावा.

वासोटा किल्ल्याचा मोह अनेकांना होतो. त्यासाठी वनविभागाची परवानगी लागते, गडावर मुक्काम करता येत नाही, आणि मे महिन्यातली ती चढण दमवणारी आहे. दोन दिवसांच्या पाहुणचारात किल्ला कोंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो हिवाळ्यातल्या वेगळ्या दिवसासाठी ठेवावा.

रविवारी परतीची लाँच सकाळचीच धरावी. आपला सर्व प्लास्टिक कचरा परत आणावा, कारण वाडीत तो नेणारी गाडी येत नाही. निघताना फणस आणि तांदूळ यांचे ओझे मिळणारच, त्यासाठी पाठीवरच्या पिशवीत जागा ठेवावी. महाबळेश्वरमार्गे परतण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. मे महिन्यातल्या रविवारी तिथल्या गर्दीत अडकण्यापेक्षा कासचाच रस्ता बरा, आणि त्याने दुपारच्या जेवणाला साताऱ्यात पोहोचता येते.