कॉफी मेकर बिघडलेला नसतो, झाकण बसलेलं नसतं: थर्मासवाल्या ड्रिप मशीनच्या या चुका टाळा

नाशिक हे चहाचं गाव. मिसळ खाऊन तोंड भाजलं तरी वर चहाच लागतो. तरीही हल्ली गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगरच्या घरांतून ओट्यावर ड्रिप कॉफी मेकर दिसायला लागलाय. कुणी ऑनलाइन मागवलेला असतो, कुणाच्या मुलीने परदेशातून आणलेला. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात: कॉफी पांचट लागते, कोमट येते, ओट्यावर सांडते. मशीनचं काम खरं तर फार थोडं आहे. टाकीतलं पाणी तापवायचं, वर चढवायचं आणि गाळणीतल्या पावडरवर सोडायचं; गाळलेली कॉफी खाली ठेवलेल्या थर्मासात उतरते. पावडर कुठली, पाणी कसलं, दूध कधी, झाकण कसं, हे सगळं आपल्याकडे असतं, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

ओट्यावर कॉफी सांडते

आधी झाकण बघा. बहुतेक मॉडेलांत गाळणीच्या तळाला स्प्रिंगची एक छोटी गुंडी असते. थर्मास आत सरकवला की त्याच्या झाकणाचा उंचवटा ही गुंडी वर ढकलतो आणि कॉफीला खाली वाट मिळते. थर्मास बाहेर ओढला की वाट बंद. झाकण अर्ध्या आट्यावर तिरकं अडकलं असेल, तर गुंडी दाबलीच जात नाही. वरून पाणी येतच राहतं, गाळणी तुडुंब भरते आणि गाळासकट सगळं ओट्यावर येतं.

आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘अरे, हे मशीन गळतंय, परत पाठवून दे.’ मशीन नवंकोरं होतं. मी विचारलं, ‘काकू, थर्मासचं झाकण कुठंय?’ तर ते घासून खिडकीत वाळत ठेवलेलं. ‘झाकण लावलं तर कॉफी आत पडणार कशी? म्हणून मी उघडाच ठेवते.’ तर्क चुकीचा म्हणता येणार नाही, कारण झाकणातून कॉफी आत उतरते हे बघितल्याशिवाय पटत नाही. झाकण उलटं धरून उजेडात बघा: मधल्या खोलगट भागात भोक किंवा छोटी झडप दिसेल. त्यात कॉफीचा चिकट साका बसला की कॉफी आत जायलाही वेळ लागतो आणि कपात ओततानाही धार बारीक येते. जुना टूथब्रश आणि गरम पाणी एवढं त्याला पुरतं.

पावडर, म्हणजे खरा घोळ

झाकण ठीक असूनही सांडत असेल, तर पावडरच्या पुडीवर काय छापलंय ते वाचा. आपल्याकडे ‘फिल्टर कॉफी’ म्हणून मिळणारी पावडर बहुधा दाक्षिणात्य स्टीलच्या फिल्टरसाठी दळलेली असते, म्हणजे बारीक, आणि तिच्यात चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड, असते. मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी घालायला कायद्याने मुभा आहे. फक्त किती आहे ते पुडीवर छापावं लागतं. स्टीलच्या त्या फिल्टरमध्ये डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा घट्ट अर्क, सावकाश उतरणं अपेक्षितच असतं, कुणाला घाई नसते. इथे मात्र मशीन थांबत नाही. बारीक पावडर आणि चिकोरीचा चिकट गाळ मिळून कागदाची छिद्रं बुजवतात, पाणी तुंबतं आणि काठावरून वाहतं.

म्हणून बिनचिकोरीची पावडर घ्या आणि दळून घेताना ‘ड्रिपसाठी’ असं सांगा. चिमटीत घेतल्यावर रव्यासारखी लागली पाहिजे, मैद्यासारखी नको. चिकमगळूर किंवा कूर्गच्या बिया मागवून घरी दळत असाल, तर मिक्सरला एकदम फिरवू नका. थांबत थांबत, दोन-तीन सेकंदांचे झटके द्या. तरीही थोडं पीठ, थोडी भरड असं होतंच. चिकोरीची चव सोडवत नसेल तर सरळ स्टीलचा फिल्टरच वापरा, त्यातली कॉफी काही कमी प्रतीची नाही.

आणि इन्स्टंट पावडर गाळणीत घालू नका. ती पाण्यात पूर्ण विरघळते, तिला गाळायचं काय?

फिल्टर पेपरचा आकारही तपासा. शंकूच्या गाळणीत सपाट तळाचा कागद कोंबला की त्याची कड आत दुमडते आणि गाळ थेट थर्मासात उतरतो. शंकूच्या कागदाची शिवण दुमडून घेतली की तो नीट बसतो. १९०८ साली जर्मनीत मेलिटा बेंट्झ या गृहिणीने मुलाच्या वहीतला टिपकागद छिद्रं पाडलेल्या भांड्यात ठेवून कॉफी गाळली, तिथून या कागदाची सुरुवात झाली. कागद संपला म्हणून टिश्यू पेपर लावणारे महाभागही आहेत. तो ओला होऊन फाटतो.

पांचट कॉफी आणि ‘कपा’चा हिशेब

टाकीवरच्या ‘१० कप’ या खुणेने बरेच जण फसतात. मशीनचा कप म्हणजे साधारण १२५ ते १५० मिलिलिटर. आपला मग २५० च्या पुढचा. त्यामुळे दहा कपांत मग भरतात चार-पाचच. चमच्यांचा अंदाज सोडा आणि एकदा वजनकाट्यावर मोजा: एक लिटर पाण्याला ५५ ते ६० ग्रॅम पावडर. हे प्रमाण काळ्या कॉफीचं. दूध घालून पिणार असाल, आणि आपण बहुतेक जण तेच करतो, तर ७० ते ७५ ग्रॅम घ्या. नाहीतर दुधाची चव पुढे आणि कॉफीचा नुसता रंग.

ओतण्याआधी थर्मास हलक्या हाताने गोल फिरवून घ्या. पहिले थेंब घट्ट येतात, शेवटचे पाणचट. न हलवता ओतलं की एकाच घरात एकाला कडू कॉफी मिळते आणि दुसऱ्याला पांचट.

कोमट येते

थर्मास काहीही तापवत नाही. स्टीलच्या दोन भिंती आणि मधे निर्वात पोकळी, एवढंच त्याचं भांडवल. ही युक्ती शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांची, १८९२ ची. काचेच्या भांड्याच्या मशीनला खाली तापती पट्टी असते, तिच्यावर अर्ध्या-पाऊण तासात कॉफी कडवट होते. थर्मासात ते होत नाही, पण आत जितकी उष्णता जाईल तितकीच टिकेल. निफाडकडून थंडी येते त्या दिवसांत रात्रभर ओट्यावर राहिलेलं स्टील बर्फगार असतं आणि पहिल्या कॉफीची उष्णता तेच पितं. आधी उकळतं पाणी भरून दोन-तीन मिनिटं ठेवा आणि ओतून द्या. दोन कपांसाठी दीड लिटरचा थर्मास वापरला तरी कॉफी लवकर निवते. निदान अर्धा तरी भरा.

पण कोमट कॉफीचं नाशिकमधलं खरं कारण फ्रिजमधलं दूध आहे. ८० अंशांच्या १०० मिलिलिटर कॉफीत ५ अंशांचं ५० मिलिलिटर दूध घातलं की कपात उरतात ५५ अंश. दूध वेगळं तापवा आणि कपातच घाला. टाकीत तर दूध कधीच घालू नका, आतली नळी कायमची बाद होते. थर्मासातही नको, झाकणाच्या रबरात आंबूस वास मुरला की निघत नाही.

काहींना शंका असते की मशीन पाणी नीट उकळतच नाही. उकळायला नकोच, पावडरवर ९० ते ९६ अंशांचं पाणी पडलं की झालं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर, इथे पातेल्यातलं पाणीसुद्धा ९८ अंशांच्या आसपास उकळतं.

हे सगळं करूनही निवत असेल तर थर्मासात उकळतं पाणी भरा, झाकण लावा आणि दहा मिनिटांनी बाहेरून हात लावा. तोंडाजवळ ऊब लागेल, ती चालते. पोट गरम लागलं तर पोकळीत हवा शिरली. त्याला दुरुस्ती नाही, भांडं बदला.

पाणी

गंगापूर धरणाचं नळाचं पाणी येतं त्या घरांत फारसा त्रास होत नाही. सोसायटीत बोअरचं पाणी मिसळत असेल तर मशीनच्या नळीत पांढरा क्षार धरतो. लक्षणं सरळ आहेत: कॉफी व्हायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, आवाज वाढतो, वाफ जास्त येते. किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड घ्या, लिटरभर पाण्यात २० ग्रॅम. अर्धं पाणी चढलं की मशीन बंद करा, अर्धा तास थांबा, उरलेलं चढवा, मग दोन-तीन वेळा साध्या पाण्याने. व्हिनेगरनेही होतं, पण वास रेंगाळतो. आणि आरओ मशीनचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, पार तळाला नेला असेल तर कॉफी निर्जीव लागते; चवीला पाण्यात थोडे क्षार हवेतच.

थर्मासाच्या आतला तपकिरी थर तारेच्या घासणीने खरवडू नका. चमचाभर खाण्याचा सोडा, गरम पाणी, झाकण न लावता रात्रभर. सकाळी बाटलीच्या ब्रशने निघतो. भांडं पाण्यात बुडवून ठेवू नका आणि झाकण लावून कपाटात टाकू नका, कोंदट वास येतो.

अमेरिकेहून आलेलं मशीन

मुलाने प्रेमाने आणलेलं १२० व्होल्टचं मशीन आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावलं की साडेतीन पटींहून जास्त उष्णता तयार होते आणि क्षणात सगळं संपतं. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर लागतो तो हजार-बाराशे वॅटचा, किलोकिलोंचा जड. त्यापेक्षा इथलं मशीन घ्या. घड्याळाचा टायमरही काही मॉडेलांत विजेच्या ६० हर्ट्झवर चालतो. आपल्याकडे ५०, म्हणून तासाला दहा मिनिटं मागे पडतो.

इथलं मशीनही १४०० वॅटच्या वर असेल तर १६ ॲम्पिअरच्या प्लगलाच लावा. पंखे-दिव्यांच्या इन्व्हर्टरवर नको.

दिवा लागतो, पण पाणी चढत नाही

टाकीत बुडबुडे येतात आणि पाणी वर जात नाही, म्हणजे टाकीच्या तळाची एकदिशा झडप कचऱ्याने किंवा क्षाराने उघडी अडकली. टाकी उपसून, झडप पाण्याने धुऊन, वरच्यासारखं सायट्रिक ॲसिड चालवून बघा. काहीच तापत नसेल तर आतला थर्मल फ्यूज, म्हणजे मशीन जास्त तापलं की वीज तोडणारा भाग, गेला असण्याची शक्यता जास्त. तो स्वस्त असतो, पण त्याच तापमानाचा बसवावा लागतो. ‘फ्यूज कशाला, वायर डायरेक्ट जोडून देतो’ म्हणणारा कारागीर भेटला तर मशीन उचलून घरी आणा.