अमेरिकेतला वसाहतकालीन पूर्वज शोधताय? या चुका टाळा

सुनेच्या नाहीतर जावयाच्या अमेरिकन घराण्याची वंशावळ काढायला बसलेली मराठी मंडळी हल्ली बरीच भेटतात. उत्साह दांडगा, आणि पहिल्याच रविवारी सतराव्या शतकात पोचायची घाई.

सगळ्यात महागात पडते ती आजचं आडनाव घट्ट धरून मागे जाण्याची चूक. न्यू जर्सीतल्या ओळखीच्या एका काकूंनी नातवंडांसाठी कोनोव्हर घराणं शोधायला घेतलं. नाव त्यांना आयरिश वाटलं. झालं! आयर्लंडच्या जहाजांच्या याद्या चाळून एक कॉनर गाठला आणि त्यालाच मूळपुरुष करून टाकलं. मी त्यांना मॉनमथ काउंटीतले जुने जमिनीचे दस्त बघायला बसवलं. तिथे आडनाव कोव्हेनहोव्हन. त्याआधी कौवेनहोव्हेन, हे हॉलंडमधल्या आमर्सफोर्टजवळच्या एका शेतवाडीचं नाव. आणि रोजच्या कागदांत बहुतेकदा तेही नाही, नुसतं बापाचं नाव! १६२५ साली आलेला वोल्फर्ट गेरिट्से, म्हणजे गेरिटचा मुलगा. त्याचा मुलगा गेरिट वोल्फर्टसे, नातू विलेम गेरिट्से. आता आजोबा आणि नातू दोघेही 'गेरिट्से' दिसले की त्यांना भाऊ-भाऊ ठरवणारे महाभाग असतातच. १६६४ मध्ये डचांची ही वसाहत (आजच्या न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या भागातली) इंग्रजांकडे गेली, त्यानंतर हळूहळू आडनावं पक्की होत गेली, आणि तीही सगळ्या भावांची सारखीच झाली असं नाही.

म्हणून मी आडनावामागे धावतच नाही, गोतावळा धरते. डच चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं बहुधा माहेरचं नाव असतं आणि साक्षीदारांचीही नावं असतात. हे साक्षीदार म्हणजे पुष्कळदा काका, मामा, आत्या. माझ्या वहीत त्यांच्यासाठी वेगळा रकाना आहे. काम कंटाळवाणं आहे, पण दोन भावंडांच्या नोंदींत तीच आत्या दिसली की पुढचं भराभर उलगडतं.

दुसऱ्याची ऑनलाइन वंशावळ जशीच्या तशी उचलू नका. दहा जणांनी एकच चूक उतरवली म्हणजे दहा पुरावे झाले नाहीत.

"एलिस आयलंडवर कारकुनानं आडनाव बदललं" हे तर मला ऐकवूच नका. बाहेरून आलेल्यांची नोंद करणारं न्यूयॉर्क बंदरातलं ते केंद्र उघडलंच १८९२ साली, वसाहतकाळ संपून शतक उलटल्यावर.

पेनसिल्व्हेनियातले जर्मन पूर्वज असतील तर फिलाडेल्फिया बंदरात जहाजांनी उतरलेल्यांच्या १७२७ पासूनच्या याद्या बघा, पण मूळ उच्चार मनात ठेवून. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांचे पूर्वज हूबर होते. आणि घरातले चार भाऊ योहान दिसले तर दचकू नका, हाक मारायचं नाव दुसरं असायचं.

तारखांचंही तेच. इंग्रजी वसाहतींत १७५२ पूर्वी सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होई. लग्न एप्रिल १७२५ चं आणि बाळ फेब्रुवारी १७२५ चं दिसलं, तर सुनेच्या खापरपणजीवर लगेच संशय घेऊ नका. बाळ लग्नानंतर दहा महिन्यांनीच झालेलं असतं.