टूर द फ्रान्सच्या विजेत्यांची यादी कशी वाचावी

टूर द फ्रान्स या अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीचा इतिहास अभ्यासताना विजेत्यांच्या यादीपासून सुरुवात करण्यास हरकत नाही. मात्र प्रत्येक नावापुढे चार रकाने आखून घ्यावेत: एकूण अंतर, टप्प्यांची संख्या, क्रमवारी वेळेवर ठरली की गुणांवर, आणि संघ कोणत्या प्रकारचे होते.

पहिल्या दोन रकान्यांचे महत्त्व लगेच पटते. ‘लोतो’ या वृत्तपत्राने खप वाढवण्यासाठी १९०३ मध्ये भरवलेल्या पहिल्या शर्यतीत २,४२८ किलोमीटर अंतर अवघ्या सहा टप्प्यांत कापायचे होते, म्हणजे एकेक टप्पा सरासरी चारशे किलोमीटरांचा. साहजिकच मोरिस गारँ सुमारे तीन तासांच्या फरकाने जिंकला. १९८९ मध्ये ग्रेग लेमाँड आठ सेकंदांनी जिंकला. हे दोन फरक एकाच मापाने मोजू नयेत.

तिसरा रकाना सर्वांत काळजीपूर्वक भरावा. १९०५ ते १९१२ या काळात टप्प्यातील स्थानानुसार गुण मिळत आणि सर्वांत कमी गुणांचा सायकलपटू विजेता ठरे, त्यामुळे एखाद्या दिवशी कोणी कित्येक तास मागे पडला तरी त्याचे नुकसान काही स्थानांपुरतेच राही. १९१३ मध्ये वेळेची पद्धत परत आली आणि त्याच वर्षी तुरमाले घाट उतरताना यूजीन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरून ठेवणारा दुभागी दांडा, मोडला. बाहेरची मदत घेण्यास मनाई असल्यामुळे तो सायकल खांद्यावर घेऊन सेंत-मारी-द-कांपाँ गावापर्यंत चालत गेला, तिथल्या लोहारशाळेत त्याने स्वतःच्या हाताने फोर्क सांधला, आणि भाता एका मुलाने चालवला म्हणून त्याला वर दंडही झाला. त्या दिवशी गेलेल्या तासांबरोबर त्याचे विजेतेपदही गेले. मला या शर्यतीच्या इतिहासात याहून हृदयद्रावक प्रसंग दुसरा वाटत नाही. पण तो नियमाच्या बदलाशेजारी ठेवून वाचला, तरच त्याची पूर्ण किंमत कळते.

संघांच्या रकान्यात १९३० ते १९६१ हा काळ वेगळा दाखवावा, कारण तेव्हा कंपन्यांऐवजी देशांचे संघ उतरत. म्हणूनच एरवीचे कडवे प्रतिस्पर्धी कोप्पी आणि बार्ताली १९४९ मध्ये एकाच इटालियन संघात दिसतात.

रद्द झालेले निकाल मात्र ठरावीक पद्धतीने भरू नयेत. १९०४ मध्ये पहिले चारही जण बाद झाल्यावर पाचवा आलेला आंरी कोर्ने विजेता ठरला, तर लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ मधील सात विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेतल्यावर ती कोणालाच देण्यात आली नाहीत; त्या सात वर्षांपुढे दुसऱ्या क्रमांकाचे नाव न लिहिता विजेत्याची जागा कोरी ठेवावी.