दहावीला 51 टक्के, मग डिप्लोमा, मग डिग्री : कमी मार्कवाल्यांसाठी माझा अनुभव

दहावीला मला 51 टक्के होते, गणितात 43. घरी येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, इंजिनिअरिंग हुशार पोरांचं काम आहे, उगाच बापाचे पैसे घालवू नको. परवा चुलतबहिणीच्या पोराला तेच ऐकवलेलं कानावर आलं म्हणून हे लिहायला बसलो.

डिप्लोमाला सध्या दहावी 35 टक्क्यांनी पास असलं तरी पात्र धरतात. मला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, मेकॅनिकल मिळालं. पहिल्याच सेमला मॅथ्समध्ये केटी लागली, म्हणजे विषय राहिला, पण वर्कशॉपमध्ये मात्र जीव रमला. फिटिंगचा जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, कानशीने घासून काटकोन तपासायला ट्राय स्क्वेअर लावायचा, फटीतून उजेड दिसला की परत घासायचा, असं चार चार वेळा केलंय. लेथवर फेसिंग करताना, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करताना, टूल बरोबर सेंटरला नसेल तर मधे टोक राहतं हे एकदा हाताने चुकल्यावर कधीच विसरत नाही. तिथून अभ्यासही सुधारला, कारण आता कशासाठी शिकतोय ते दिसत होतं, आणि फायनल इयरला 79 टक्के पडले.

डिप्लोमानंतर डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला सीईटी ही प्रवेश परीक्षा लागत नाही, डिप्लोमाच्या मार्कांवर मेरिट लागतं. ओपनला किमान 45 टक्के, राखीव प्रवर्गाला 40. मला पुण्यात सीट मिळाली आणि खरा त्रास तिथे सुरू झाला. आपले डिप्लोमावाल्यांचे प्रवेशाचे राउंड उशिरा संपतात, कॉलेजला पोचलो तेव्हा शिकवणं बरंच पुढे गेलेलं, इनसेम, म्हणजे सेमच्या मधली परीक्षा, तोंडावर, आणि समोर एम थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर. लाप्लास, फुरिए, डिफरन्शियल इक्वेशन, बाकीच्यांचं बारावी आणि फर्स्ट इयरचं एम वन एम टू झालेलं असतं, आपलं नसतं. एम थ्री राहिला. माझ्यासोबत डिप्लोमातून आलेले दोघं त्या वर्षी सोडून गेले, आणि ते मठ्ठ नव्हते हो, त्यातला एक मशीनचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेलंय म्हणून सांगायचा. त्यांची आठवण आली की अजून वाईट वाटतं.

मला वाचवलं रूममेटने. तो सीईटीला चांगल्या पर्सेंटाइलवाला, रोज रात्री जेवणानंतर तासभर इंटिग्रेशन शिकवायचा, आणि मी त्याला व्हर्नियर, मायक्रोमीटर ही मापाची साधनं, ड्रॉइंगमधले टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, समजावायचो. पुढच्या सेमला एम थ्री निघाला.

म्हणून फक्त हुशार पोरांनाच ॲडमिशन द्या असं कोणी म्हटलं की मला पटत नाही. पंधराव्या वर्षीच्या मार्कांवरून पोरगं पुढे काय करेल ते कळत नाही. पण नुसतं घेऊन सोडून देणं पण तितकंच चूक आहे, घेतलंय तर पहिल्या महिन्यात गणिताचं ब्रिज, म्हणजे मधलं राहून गेलेलं गणित, शिकवा ना. आयआयटीसारख्या ठिकाणी सुद्धा कटऑफला थोडक्यात कमी पडलेल्या एससी, एसटी आणि दिव्यांग मुलांसाठी वर्षभराचा प्रिपरेटरी कोर्स असतो, मग साध्या कॉलेजात महिनाभराचा वर्ग घ्यायला काय हरकत आहे. पेपर सोपा करा असं मी म्हणत नाही, पास व्हायचे मार्क सगळ्यांना सारखेच असावेत.

आता जे यंदा येणार आहेत त्यांच्यासाठी. डोमिसाइल, नॉन क्रीमी लेयर, जात वैधता ही कागदं फायनल सेममध्येच काढायला टाका, ऐनवेळी तहसीलला रांग असते. फीच्या सवलतीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरा, सीट कॅपमधूनच घ्या, नाहीतर सवलत हातची जाते. कॉलेज बघायला गेलात तर इमारत बघू नका, सेकंड इयरच्या डिप्लोमावाल्या पोराला गाठा आणि एम थ्रीला किती जण राहिले ते विचारा.

आणि निकाल ते ॲडमिशन हे मधले दिवस गावी झोपून काढू नका. बारावीचं गणिताचं पुस्तक आणा, डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनचे दोन चॅप्टर रोज दहा गणितं करत संपवा, अडलं तर गावातल्या बारावी सायन्सच्या पोराकडे जाऊन बसा, तो वयाने लहान असला तरी.